लंकेची वार्ता, भिंतीवरून

"आली का बाई? मी म्हटलं, आता लंकेतच राहते का काय ही!"

काकूंचा आवाज आला तेव्हा मी दोरीवर मोजे वाळत घालत होते. आमच्या आणि त्यांच्या अंगणात छातीएवढी कंपाउंडची भिंत आहे. ज्या ठेकेदाराने ती बांधली त्याने विटांतही हात मारला आणि सिमेंटमध्येही, त्यामुळे मधोमध तिचं पोट सुटलंय. पण गप्पांना अख्ख्या नागपुरात तिच्यासारखी जागा नाही. मार्च लागला होता. काकूंनी बाजेवर जुनं धोतर पसरून मुगवड्या घातल्या होत्या आणि हातात काठी घेऊन कावळ्यांवर पहारा चालला होता.

"काल रात्रीच आले काकू. तुळशीला पाणी घातलंत ना?"

"घातलं. तुळस ठणठणीत आहे. तू काऊन लंगडून राहिली ते सांग."

"साडेपाच हजार पायऱ्या चढले."

"आणि उतरली?"

"उतरले म्हणून तर लंगडतेय."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या सासूबाईंनी तोंड घातलं. "तिला विचारा, अशोकवाटिका पाहिली का? कालपासून मी विचारतेय, तर म्हणे बसमधून पाहिली!" आता नुवारा एलियाच्या रस्त्यावर सीतेचं देऊळ आहे, ओढ्याकाठी आहे, आणि ते मला खरोखरच बसमधून दिसलं. त्याला मी काय करणार?

"ते जाऊ दे," काकू म्हणाल्या. "सोन्याची लंका म्हणतात, सोनं दिसलं का कुठं?"

"सोनं नाही, विटा दिसल्या. विटा म्हणजे किती? अनुराधपूरला जेतवनाराम नावाचा स्तूप आहे. महासेन राजानं सुरू केला, सतराशे वर्षांपूर्वी. बांधला तेव्हा १२२ मीटर उंच होता. त्या काळी त्याच्याहून उंच दोनच बांधकामं होती जगात, इजिप्तचे ते दोन मोठे पिरॅमिड. आता शिखर मोडून ७१ मीटर उरलाय, तरी मान मोडते वर बघताना. नऊ कोटींच्या वर विटा लागल्यात म्हणतात."

काकूंनी आमच्या भिंतीच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. "ठेकेदार कोण होता त्यांचा? नंबर आणला का?"

मग त्या जरा पुढे झाल्या. काठी भिंतीला टेकवली. आवाज खाली आला. "आणि झाड? बोधिवृक्ष पाहिला ना?"

"पाहिला ना काकू. उंच चौथरा आहे, भोवती सोनेरी कठडा. फांद्या म्हाताऱ्या झाल्यात, त्यांना सोनेरी टेकू दिलेत. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात निळी कमळं घेऊन रांगेत. पान कोणी तोडत नाही. खाली पडलं तरच उचलायचं. एक पान पडलं तर दहा हात पुढे झाले."

"किती वेळ बसली?"

"वीस मिनिटं."

काकू काहीच बोलल्या नाहीत. काकू बोलत नाहीत म्हणजे काय ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाजेवर कावळा उतरला तरी त्यांनी काठी उचलली नाही.

"वीस मिनिटं," शेवटी म्हणाल्या. "बाई गं. संघमित्रा थे रोप घेऊन समुद्रातून गेली, सम्राट अशोकाची पोरगी, राजवाडा सोडून. इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात. तेव्हापासून त्या झाडाला लोकं सांभाळून राहिले, राजे गेले, शहर ओसाड पडलं, तरी पाणी चुकलं नाही. आणि तू वीस मिनिटं!"

"पुढं सिगिरियाला पोचायचं होतं काकू, ऊन व्हायच्या आत..."

"आपल्या दीक्षाभूमीवरचं झाड कुठलं आहे, ठाऊक आहे ना?"

खरं सांगायचं तर नव्हतं ठाऊक. वीस वर्षं या गल्लीत राहते, दीक्षाभूमी इथून सायकलवर दहा मिनिटं.

"अनुराधपूरचं. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथून रोपं आणली. सारनाथलाही तिथलंच रोप आहे, १९३१ सालचं, अनागारिक धर्मपालांनी लावलेलं. म्हणजे पाहा, इथून तिकडे गेलं आणि तिकडून इकडे आलं. माहेरवाशीण यावी तसं. आमचे बाबा १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या मैदानात होते. आणि बाबासाहेब त्याच्या सहा वर्षं आधी, १९५० ला, सिलोनला बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. आमच्या विहारात हे सगळं लहान पोरं सांगतात."

तेवढ्यात गल्लीतून सायकलवर कोणी गेलं, "जय भीम काकू!" म्हणालं. काकूंनी "जय भीम!" म्हणत हात केला आणि त्याच हाताने कावळा हाकलला. राग संपला होता. काकूंचं असंच असतं.

"बरं, मग त्या सिगिरियाला काय ठेवलंय?"

"भानगड ठेवलीय काकू. मोठ्या घरची."

हे ऐकल्यावर काकूंनी स्टूल ओढलं.

"धातुसेन नावाचा राजा होता, अनुराधपूरचा. त्याला दोन मुलगे. थोरला कश्यप, पण तो पट्टराणीचा नव्हे. धाकटा मोग्गल्लान, तो पट्टराणीचा, म्हणजे गादी त्याची. कश्यपाला सेनापतीनं फितवलं. त्यानं बापाला कैद केलं, विचारलं, खजिना कुठं लपवलाय? बापानं त्याला नेलं कलावेव तलावावर. स्वतः बांधलेला भला मोठा तलाव. पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी घेतलं, म्हणाला, हाच माझा खजिना."

"वा! आणि मग?"

"मग बापाला भिंतीत चिणलं म्हणतात."

"अग्गं बाई!"

"धाकटा पळाला भारतात. कश्यपाला आता झोप लागेना. म्हणून तो रानात एका उभ्या कातळावर राहायला गेला. जवळजवळ दोनशे मीटर उंच, चारी बाजूंनी सरळ, त्याच्या माथ्यावर राजवाडा, टाकी, बागा. वर जायचा रस्ता सिंहाच्या तोंडातून. सिंह पडला, आता दोन पंजेच उरलेत, पण एकेक नखच माझ्या कमरेच्या वर येतं. अठरा वर्षं राहिला तिथं, इसवी सन ४७७ ते ४९५. मग धाकटा फौज घेऊन आला. हा खाली उतरला लढायला, पुढं दलदल लागली म्हणून हत्ती वळवला, फौजेला वाटलं राजा पळतोय, आणि फौजच पळाली. यानं स्वतःच्याच गळ्यावर सुरी फिरवली."

"एवढा उंच चढून बसला, आणि खाली उतरल्यावरच मेला," काकू म्हणाल्या. "आणि वाडा?"

"धाकट्यानं भिक्खूंना देऊन टाकला. मधल्या कपारीत बायकांची चित्रं आहेत, ढगातून कमरेपर्यंत वर आलेल्या, हातात फुलं. आपल्या अजिंठ्याची आठवण येते, काळही जवळपासचा. तिथं खाली एक भिंत आहे, एके काळी आरसा दिसावा इतकी घोटलेली. चित्रं बघायला येणाऱ्या लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्या भिंतीवर कविता कोरल्या. सेनरत परणवितान म्हणून विद्वान होते, त्यांनी त्यातल्या ६८५ वाचून काढल्या."

"म्हणजे आपल्या किल्ल्यांवर बदाम काढून नावं लिहितात, तसं?"

"तसंच, पण वृत्तात."

"मग ठीक आहे. मला नेलं पाहिजे होतं."

"तुम्हाला नाही चालणार काकू. वर मधमाश्यांची मोहळं आहेत कातळाला. पाट्या लावल्यात, बोलू नका, आवाज करू नका. बाराशे पायऱ्या गप्प चढायच्या."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने पोलोन्नरुवावर आले.

"काकू, तिथलं एक मात्र तुमच्यासाठी बघून आले. अनुराधपूर चोळांनी घेतलं तेव्हा राजधानी पोलोन्नरुवाला गेली. तिथं बाराव्या शतकातला पराक्रमबाहू राजा. त्यानं एका लांबलचक कातळात चार बुद्ध कोरून घेतले, गल विहार म्हणतात. शेवटचा निजलेला, १४ मीटर. गाइड म्हणाला, चेहरा सगळेच बघतात, तुम्ही उशी बघा. बघितलं तर दगडी उशी डोक्याखाली किंचित दबलेली! कापसाची दबते तशी. आणि पावलं बघा म्हणाला. एकावर एक नीट नाहीत, वरचं पाऊल जरासं मागं सरकलंय. झोपलेला माणूस पावलं जुळवून ठेवतो. ही सरकलीत म्हणजे झोप नाही, महापरिनिर्वाण."

काकूंनी डोळे मिटले. मी पाच सेकंद थांबले.

"तिथं किती वेळ बसली?" डोळे न उघडता.

"तास झाला काकू. खरंच. अनवाणी होते, फरशी तापली म्हणून उठले. सगळीकडे चपला काढाव्या लागतात, आणि बाराच्या उन्हात तो दगड म्हणजे तवा. म्हणून हे मोजे. देवळापुरते वेगळे मोजे नेले होते. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. आमच्यातल्या एकीनं काढला तर रखवालदारानं शिट्टी मारली."

"बरोबर केलं त्यानं."

मग मी त्यांना मिहिन्तलेचं सांगितलं, कारण ते सांगायचंच होतं. अनुराधपूरपासून जवळच. १८४० पायऱ्यांचा डोंगर, दोन्ही बाजूंना चाफा, पायऱ्या इतक्या रुंद आणि बुटक्या की गप्पा मारत चढावं. पायथ्याशी जुन्या दवाखान्याचे अवशेष आहेत. तिथं एक दगडी डोणी आहे, आतून माणसाच्या आकाराची कोरलेली: डोक्याला जागा, खांद्यांना जागा, पायांना जागा. रोग्याला औषधी तेलात निजवायचे.

"माझ्या गुडघ्यांसाठी उचलून आणायची होती," काकू म्हणाल्या.

"ऐका तर. देवानंपिय तिस्स राजा तिथं शिकारीला आला होता, ज्येष्ठाची पौर्णिमा होती. डोंगरावर अशोकाचा मुलगा महिंद, म्हणजे आपला महेंद्र, उभा. धर्म सांगायच्या आधी त्यानं राजाची अक्कल तपासली. विचारलं, हे झाड कसलं? राजा म्हणाला, आंब्याचं. याखेरीज दुसरे आंबे आहेत? पुष्कळ. आंब्याखेरीज दुसरी झाडं? पुष्कळ. मग ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडं सोडून आणखी काही आहे?"

काकू म्हणाल्या, "हेच झाड. समोरचं."

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"नव्हतं. पण सरळ आहे की."

"बरं, पुढचं. राजा, तुला नातेवाईक आहेत? पुष्कळ. नात्यात नसलेले? त्याहून पुष्कळ. आता नात्यातले आणि बिननात्याचे सोडून कोणी उरतं का?"

काकूंनी वड्या उलटायला घेतल्या होत्या, हात थांबला. "उरतं ना. तो स्वतः." जरा वेळाने म्हणाल्या, "आणि शेजारी कशात धरायचा? त्यानं विचारलं नाही?"

"नाही विचारलं."

"राजवाड्याला कुठला आला शेजार," म्हणून त्यांनी पुढची वडी उलटली.

मग त्यांना डोंगर ऐकायचे होते. नकल्सच्या रांगांत गेले होते ते सांगितलं. कँडीच्या पूर्वेला, ढगात बुडालेलं रान, आणि तिथल्या जळवा. मोज्यांच्या वरून गुडघ्यापर्यंतचे खास पिशवीसारखे मोजे चढवले, त्यावर मीठ चोळलं, तरी एकीनं मानेवर गाठलंच. नकल्स, हॉर्टन प्लेन्स आणि श्रीपादचं रान, ही तिन्ही मिळून २०१० पासून जागतिक वारसा आहे. हॉर्टन प्लेन्सला चालत चालत जावं आणि जमीनच संपावी असा कडा आहे, आठशे मीटरच्या वर खोल. आम्ही नऊला पोचलो तर धुकं, पांढरी भिंत. लवकर पोचलेले लोक फोटो दाखवून आम्हाला जळवत होते, म्हणजे तिथंही जळवाच. शिवाय चहाच्या मळ्यांतून जाणारी पेको ट्रेल म्हणून वाट आखलीय, तीनशे किलोमीटरच्या वर, बावीस टप्पे. आम्ही दोन केले. इंग्रजांच्या काळी चहा खाली आणायला पडलेल्या वाटा त्या. पाठीवर टोपल्या घेऊन तमिळ मजूर बाया आजही त्यावरून जातात. आम्ही काठ्या टेकत दम खात होतो, आणि त्या पानं खुडता खुडता आपसांत बोलत होत्या, बहुतेक आमच्याबद्दलच.

"पण साडेपाच हजार कुठल्या?"

"श्रीपाद. २२४३ मीटर. आपलं कळसूबाई १६४६."

रात्री दोनला निघालो. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत मोसम, तेवढे महिने वाटेवर रात्रभर दिवे असतात. खालून पाहिलं तर आभाळात माळ टांगल्यासारखी दिसते, आणि मग लक्षात येतं की त्या वरच्या चांदण्या नाहीत, तिथं आपल्याला जायचंय. माझे बूट नवे, कपाळाला दिवा, हातात काठ्या. पहिल्या तासात मला एका आजीनं मागं टाकलं. सत्तरीच्या पुढची, पांढरी साडी, पायात रबरी चप्पल. तिच्यामागून तिची लेक, लेकीच्या खांद्यावर झोपलेलं पोर. कोणी वरून उतरणारा भेटला की एकमेकांना 'करुणावै' म्हणायचे. आमच्या गटातले एक गृहस्थ दर तासाला घड्याळात हृदयाचे ठोके बघत होते.

"वाटेत एक जागा आहे काकू, इंदिकटुपान. बुद्धानं तिथं थांबून फाटलेलं चीवर शिवलं म्हणतात. लोक सुई-दोरा वाहतात, मग दोरा सोडत वर चढतात. कठड्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं झालंय नुसतं. माझ्याकडे कुठला दोरा? मी उभी राहिले बघत. तर ती आजी तिथंच बसली होती. तिनं आपल्या रिळाचा हातभर दोरा तोडला, माझ्या हातात दिला, आणि खूण केली, चल."

"मग?"

"मग चढले. शेवटच्या पायऱ्या तर शिडीच. माथ्यावर पाऊल आहे, बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान म्हणतात आदमचं. सगळे एकाच रांगेत उभे. शेजारी घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे. मी एक दिला. आजी द्यायला लागली. अठरापर्यंत मोजले मी, मग सोडलं."

सूर्य आला तेव्हा सगळे उलट्या बाजूला धावले. पश्चिमेला ढगांवर डोंगराची सावली पडते, नेमकी त्रिकोणी, कुणी पट्टीनं आखावी तशी. मिनिटामिनिटाला आखडत जाते. मला ते बघून रडू आलं, पण ते गुडघ्यामुळेही असेल.

काकू हसल्या. "तुम्ही त्याला ट्रेक म्हणता. आमची आजी आषाढात पंढरपूरला पायी जायची, तिला कोणी नाही म्हटलं ट्रेक."

मी आत जाऊन डबा आणला. गेल्या महिन्यात काकूंनी वडाभात पाठवला होता त्याचा, आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. चहा, दालचिनी, आणि कितूलची काकवी. कितूल म्हणजे आपला भेर्ली माड. तिथं मातीच्या भांड्यातल्या म्हशीच्या दह्यावर ती काकवी घालून खातात. त्यांचा दूधभात म्हणजे 'किरिबत', त्यातला 'बत' म्हणजे भातच. आंब्याला 'अंब', आठला 'अट', दहाला 'दहय', आणि आभार मानायचे तर 'स्तुति'. कवठाचं सरबत ठेल्यावर मिळतं. अर्धं तर घरचंच वाटतं. फक्त पौर्णिमेला दारूची दुकानं बंद, त्या दिवशी आमच्या ठोके मोजणाऱ्या गृहस्थांचे ठोके भलतेच वाढले होते.

काकूंनी डबा उघडून वास घेतला. खाली कागदात काहीतरी होतं ते काढलं. हातभर पांढरा दोरा.

"हा तोच?"

"तोच. वाहायचा राहिला. चढताना मुठीत होता, वर गेल्यावर आठवलाच नाही."

काकूंनी दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "पुढच्या वर्षी माझा पासपोर्ट काढू. पायऱ्या मला जमायच्या नाहीत. मी झाडाखाली बसते दिवसभर, तू ये चढून."

"चला ना काकू. सगळे फॉर्म मी भरते. सार्क देशांतल्या लोकांना तिकिटात सवलतही आहे."

"त्या टूरच्या फॉर्मवर लिहावं लागतं ना, अडीअडचणीला कोणाला कळवायचं ते?"

"लागतं. नाव, नंबर, नातं."

"तुझं नाव टाकीन मी. पोरगा पुण्याला, त्याला कळेस्तोवर... पण नातं काय लिहशील गं?"

मी उत्तर शोधत होते. तेवढ्यात बाजेवर दोन कावळे एकदम उतरले, आणि काकू काठी घेऊन धावल्या. दोरा त्यांच्या बोटालाच होता.